बाग दुपारी बंद असते

आमच्या कॉलनीतल्या बागेच्या वेळा गेटवरच रंगवल्यात. सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ५ ते ८. संभाजीनगरचा मे महिना, पारा ४२ वर, आत कडुनिंबाची गार सावली आणि गेटला कुलूप. बाहेर भिंतीला टेकून धुणीभांडी करणाऱ्या चार बाया डबे सोडून बसलेल्या असतात. सकाळची घरं उरकलेली, पुढचं घर तीनला. कडुनिंबाची जेवढी सावली भिंतीबाहेर येते, तेवढ्यात त्यांचं जेवण. सावली सरकली की त्याही सरकतात.

योगायोग असा की सध्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा इतिहास वाचतोय. रॉय रोझेनझ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार या इतिहासकारांनी १९९२ मध्ये लिहिलेला. मला वाटलं झाडं, तळी, आराखडे असतील. यांनी विचारलंय, बागेआधी तिथं कोण राहत होतं आणि नंतर आत कोण येऊ शकलं? १८५० च्या दशकात सुमारे १६०० माणसं उठवली. त्यात सेनेका व्हिलेज ही वस्ती होती, बहुतेक काळ्या लोकांची, कित्येकांची स्वतःची जमीन, स्वतःची चर्चं. त्या काळी तिथल्या काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता लागायची. आता सांगा, त्या जमिनीच्या तुकड्याची किंमत नुसती पैशात कशी मोजणार?

बाग झाल्यावर बँड वाजायचा शनिवारी दुपारी. कामगार तेव्हा कामावर. घोळक्यानं सहलीला यायची मनाई. छोट्या दुकानदारानं मालाच्या गाडीत बायकापोरं बसवून आणायचीही मनाई. गरिबांना बंदी अशी पाटी मात्र कुठंच नव्हती.

आपल्याकडंही पाटी लागली नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब आणि तीसेक सहकारी दौलताबादचा किल्ला बघायला आले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. लगेच हौद बाटवला म्हणून ओरडा झाला. शेवटी आत सोडलं, पण कुठं पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

माझ्या आजोळी हिरवं म्हणावं असं एकच होतं, गायरान. ज्यांना शेत नाही त्यांनी तिथलं दगडगोटं वेचून ज्वारी पेरली. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, तेव्हा आजोबा जेलात गेले. आजी सांगायची, “जेलात दोन टाइम भाकर मिळाली, म्हणून म्हातारा खुशीत आला.” सातबाऱ्यावर नाव लागलं नाहीच. मागं एका गावच्या गायरानात वृक्षलागवडीचे खड्डे पाडल्याचे फोटो फेसबुकवर आले, मी बिनदिक्कत लाइक केलं. त्या खड्ड्यांखाली कुणाची ज्वारी होती, हे विचारायचं सुचलंही नाही. आजोळ असून!

परवा कॉलनीच्या बैठकीत म्हटलं, दुपारी गेट उघडं ठेवू.

“अहो सर, मग कुणीपण येऊन बसंल की.”

मी म्हटलं, त्यासाठीच म्हणतोय. विषय पुढच्या बैठकीवर गेला. तोवर पावसाळा लागलेला असेल.