सिव्हिलायझेशन शिकायचाय? मग यूट्यूब बंद करा आणि नकाशा बघा

सिव्हिलायझेशन हा शहरं वसवत साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम उत्साहाने घेतला आणि दोन संध्याकाळींत सोडून दिला, असे बरेच जण मला भेटतात. विचारलं की बहुतेकांची गोष्ट सारखीच निघते. खेळ सुरू करायच्या आधीच त्यांनी कुणा पट्टीच्या खेळाडूचे डिटी या सगळ्यात अवघड पातळीवरचे व्हिडिओ बघितलेले असतात. पन्नासाव्या टर्नपर्यंत (म्हणजे खेळीपर्यंत) किती शहरं हवीत, जंगल कधी तोडायचं, कुठलं पॉलिसी कार्ड, म्हणजे राज्याचं धोरण, कधी लावायचं, सगळं पाठ. आणि स्वतःचा डाव उघडला की समोर निराळाच नकाशा. मग कंटाळा येणारच.

मला याचं खरंच वाईट वाटतं. १९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी सुरू केलेली ही मालिका आजही माझ्या मते विचार करून खेळण्याच्या खेळांत सगळ्यात समृद्ध आहे. टर्न संपवायचं बटण तुम्ही दाबेपर्यंत एकट्याच्या डावात काही म्हणजे काही घडत नाही. बोटांच्या चपळाईचा प्रश्नच नाही. म्हणून साठीतल्या माणसालाही मी हा खेळ बिनदिक्कत सुचवतो.

डिटीवर कॉम्प्युटरच्या राजांना सुरुवातीलाच जास्तीचे सेटलर (नवं शहर वसवणारे) आणि सैनिक मिळतात, शिवाय विज्ञान-उत्पादनात सूट. त्या व्हिडिओंतल्या युक्त्या ही तफावत भरून काढण्यासाठी असतात. नवख्याला त्यांचा उपयोग नाही. प्रिन्स ही आठांतली चौथी पातळी. तिथे दोन्ही बाजू बरोबरीच्या. तिथून सुरुवात करा.

आणि मग नकाशा वाचा. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे.

सहावा भाग (२०१६) यासाठी उत्तम, कारण त्यात शहर नकाशाच्या एका षटकोनी घरात मावत नाही. कॅम्पस (विज्ञानाचा), बाजार, बंदर असा शहराचा प्रत्येक विभाग, म्हणजे डिस्ट्रिक्ट, जमिनीवर वेगळी जागा मागतो. कॅम्पसला लागून जितके डोंगर, तितकं विज्ञान जास्त. म्हणजे सेटलर हलवतानाच तुम्हाला दिसायला हवं, की ही डोंगराची कूस विद्यापीठाची आहे, हा किनारा बंदराचा. पण एक लोकसंख्या असताना एकच असा डिस्ट्रिक्ट बांधता येतो, दुसऱ्यासाठी चार लागते, तिसऱ्यासाठी सात. लोक वाढायला अन्न हवं, घरं हवीत, आणि घरांचा हिशेब पाण्यावर. नदीकाठच्या शहराला सुरुवातीला पाच घरं, खाऱ्या पाण्याच्या किनाऱ्यावर तीन, कोरड्या जागी फक्त दोन. हे आकडे डोक्यात बसले, की पहिलं शहर कुठे वसवायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

२०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्म या विस्ताराने तर नदीला जीवच दिला. पूर येतो, पूरमैदानावरची शेतं उद्ध्वस्त होतात, कधी माणसंही जातात. पण अनेकदा मागे जमीन आधीपेक्षा सुपीक झालेली असते. त्यामुळे नदीकाठी राहायचं की चार पावलं लांब, हा प्रश्न प्रत्येक डावात नव्याने सोडवावा लागतो. व्हिडिओतलं उत्तर इथे चालतच नाही.

डावासाठी संस्कृती निवडताना आपल्याकडच्या खेळाडूला भारत निवडायचा मोह होतो, त्यात गैर काही नाही. सहाव्या भागात मराठे नाहीत, पण भारताकडे बारव आहे! स्टेपवेल म्हणतात तिला. अन्न वाढवते, घरं वाढवते, शेताला लागून बांधली तर आणखी अन्न देते आणि दुष्काळात अन्नाचं नुकसान होऊ देत नाही. डोंगरउतारावर मात्र बांधता येत नाही. महाराष्ट्रातल्या कोरड्या मुलखात बारवा का खणल्या हे ज्याने पाहिलंय, त्याला ती कुठे बांधायची हे पटकन कळेल. तरीही पहिल्या डावाला मी रोमच सांगेन. रोमचा सम्राट ट्रेजन याच्या प्रत्येक नव्या शहरात मॉन्युमेंट ही इमारत आयती उभी राहते आणि रस्तेही आपोआप जोडले जातात, त्यामुळे लक्ष जमिनीवर राहतं.

लढाईतही जमीनच बोलते. टेकडीवरचा सैनिक जास्त टिकतो, नदी ओलांडून हल्ला केला तर ताकद घटते. सुरुवातीला एक गोष्ट मात्र विसरू नका: रानटी टोळीचा स्काउट (टेहळ्या) तुमचं शहर बघून गेला आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं, तर त्याला तळावर परत पोहोचू देऊ नका. पोहोचला की टोळी चालून येते. घोडेस्वारांची असेल तर पहिल्या काही टर्नमध्ये ती फार महागात पडते.

दुसरी कळकळीची विनंती, रीस्टार्ट करत बसू नका. सुरुवातीची जागा वाईट मिळाली की नवा नकाशा, हे इतकं सवयीचं झालंय की लोकांना वाळवंटात, टुंड्रात खेळताच येत नाही. कोरडी जागा मिळाली तर जवळ डोंगर शोधा, ॲक्वेडक्टने, म्हणजे पाटाने, पाणी आणा. हरत आलेला डावही शेवटपर्यंत न्या. शेजारचा राजा पुढे का गेला हे त्याच्या शहरांच्या जागा बघून शंभराव्या टर्ननंतर जितकं स्पष्ट दिसतं, तितकं कुठल्याही मार्गदर्शिकेत वाचून समजत नाही.

२०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागात मौर्य, चोळ, मुघल तिन्ही आहेत आणि सम्राट अशोकही. त्याची मूळ कल्पना, युग पालटलं की राजा तोच पण संस्कृती नवी, मला आवडते. पण पहिल्यांदाच खेळणाऱ्याने सहाव्यापासून यावं. सेलमध्ये तो बराच स्वस्तही मिळतो.

कुणी या आठवड्यात पहिला डाव लावणार असेल, तर सेटलर हलवण्याआधी पहिल्या टर्नचा स्क्रीनशॉट कमेंटमध्ये टाका. नदी, डोंगर, किनारा बघून शहर कुठे वसवायचं यावर सगळे मिळून बोलू.