बिबड्यांचा दंड

सायकल ट्रॅकवर सायकल चालवल्याबद्दल परवा मी पन्नास रुपये दंड भरला. पोलिसाला नव्हे, एका आजीला.

धुळ्यात पांझरा नदीच्या बाजूला आम्ही तिघं निघालो होतो: मी, बायको आणि मुलगी. तांबड्या रंगाचा पट्टा, त्यावर पांढरी सायकल काढलेली. दोन पार्क केलेल्या गाड्या आणि एक रसवंती मागे टाकली, तर पुढे पट्टाभर जुनी लुगडी अंथरलेली. कोपऱ्यांवर विटांचे तुकडे आणि लुगड्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, तीळ-लसूण घातलेले, कडेनं नुकते सुटू लागलेले. मुलीच्या पुढच्या चाकाखाली त्यातल्या कडेच्या दोघांनी प्राण सोडला.

‘‘ओ भो! बिबडा वाळी ऱ्हायनात, दिखत नही का तुमले?’’ काठी घेऊन आजी उभी राहिली.

‘‘आजी, हा सायकलींचा रस्ता आहे.’’

‘‘सायकल? मी तं आजलोंग आठे एक बी सायकल दखी नही. बठ्ठा फटफट्या लईसन येतस.’’

मी खाली काढलेलं चित्र दाखवायला वाकलो, तर ते नेमकं बिबड्यांखाली गेलेलं. हँडल तेवढं बाहेर होतं. आजीनं ते निरखून पाहिलं आणि मलाच विचारलं की घरच्या गच्चीवर माकडं येतात, अंगणात सुनेची स्कूटी असते, मग एवढी सपाट, तापलेली, रिकामी जागा गावात दुसरी कुठली आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायको मान डोलावत होती, ते वेगळंच. तेवढ्यात आजीनं मुलीकडे बोट केलं, ‘‘पोरले आठे बसाड, कावळा हाकलाले.’’ आणि पोरगी बसली की! काठी हातात मिळाल्यावर तिला सायकलीत काडीचा रस उरला नाही. पन्नास रुपये मी दिले. बदल्यात ओला बिबडा खायला मिळाला. उत्तम होता, त्याचा जास्त राग आला.

तिकडे बेल्जियममधल्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ साली सायकलवाटांचं जाळं सुरू झालं. कल्पना एका खाण अभियंत्याची. प्रत्येक चौकाला नुसता आकडा. घरून आकडे लिहून न्यायचे आणि पाट्या बघत फिरायचं, पोरांनाही तो खेळ वाटतो. २०१६ साली त्यांनी तिथल्या एका तळ्यातून २१२ मीटर वाट नेली; दोन्ही बाजूंना पाणी थेट डोळ्यांच्या उंचीवर. आमच्याकडे पाणी नाही हे मान्य. पण आकडा रंगवायला कुठं पाणी लागतं?

आणि याच मुलखात, नोकरीच्या अगदी सुरुवातीला, विश्वेश्वरय्यांनी पांझरेच्या खोऱ्यात सायफन टाकून पाणी पलीकडे नेलं होतं, असं शाळेतले सर सांगायचे, छाती फुगवून. एकोणिसाव्या शतकात पाणी पलीकडे गेलं. एकविसाव्या शतकात माझी पोरगी विजेच्या खांबापलीकडे जाऊ शकत नाही, कारण खांब ट्रॅकच्या बरोब्बर मधोमध आहे. आधी खांब होता, मग ट्रॅक आला, आणि रंगवणाऱ्यानं इमानदारीनं खांबाचा बुंधाही तांबडा केला.

बरं, खांब चुकवला तर पुढे शोभेचे पाम. एप्रिलात इथे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, सकाळी नऊलाच डोकं भाजतं, आणि सावलीला पाम! कडुनिंब लावला असता तर कोणाचं काय जात होतं? नळ नाही, बाईमाणसाला जायला जागा नाही, बसायला ओटा नाही. ट्रॅक संपतो तिथून थेट महामार्गाचा सर्व्हिस रोड, म्हणजे मुंबई, आग्रा, सुरत, नागपूर, जिकडे म्हणाल तिकडचे ट्रक हजर. लहान पोराला घेऊन त्यात घुसायचं कोणी? उद्घाटनाच्या फोटोत सायकलीवर बसलेल्या साहेबांनी एकदा आपली नात घेऊन यावं. फोटोग्राफर नको.

ऊन वाढलं, पोरगी काठी सोडेना, मग छोटा हत्ती बोलावला आणि सायकली मागे टाकल्या. ड्रायव्हरनं भाडं दुप्पट सांगितलं, कारण म्हणे रस्त्याला गर्दी. आणि गर्दी चुकवायला त्यानं गाडी सायकल ट्रॅकवरून काढली.