भाटगिरी म्हणे! (एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

मोगल बादशहा जहांगीरच्या दरबारी चित्रांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही 'भाबड्या कौतुकाचा रतीब' म्हणालात, आणि वर 'ही सगळी पगारी भाटगिरी, तिच्यात खरा चेहरा शोधू नये' असा निकालही देऊन टाकलात. मतभेद असावेत, माझी ना नाही. पण निनावी राहून समोरच्याची अक्कल काढायची, ही कुठली रीत?

राजपूत आणि पहाडी कलमांची (म्हणजे चित्रशैलींची) मी एका ओळीत बोळवण केली, हे तुमचं म्हणणं मान्य.

आता भाटगिरी. दरबारी चित्रकार अबुल हसनच्या १६१६च्या सुमाराच्या चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून निजामशाहीचा सेनापती मलिक अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही. १६२६मध्ये मरेपर्यंत तो दख्खनमध्ये मोगलांना पुरून उरला. खुशामत आहेच हो! मी कुठं नाही म्हटलं?

पण १६१८ साली, अफू-दारूनं पोखरलेला त्याचा दरबारी इनायत खान मरायला टेकला, तेव्हा याच जहांगीरनं चित्रकारांना त्याचं चित्र काढायला लावलं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातलं ते चित्र मोठं करून बघा. लोडांना टेकलेला देह, उघड्या छातीच्या वर आलेल्या फासळ्या, काटकुळे हात. यात खुशामत कुणाची झाली? बादशहाची की त्या बापड्या इनायत खानाची?

आणि त्याच दरबारातला चित्रकार बिचित्र! राजांना सोडून सूफी शेखाला मान देणाऱ्या जहांगीरच्या चित्रात त्यानं सही केली बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर. लाचारी म्हणा हवं तर. पण त्याच चित्रात ऑटोमन सुलतान आणि इंग्लंडचा पहिला जेम्स यांच्या रांगेत, खालच्या कोपऱ्यात, हा पठ्ठ्या हातात चित्र धरून स्वतः उभा आहे. त्या चिमुकल्या चित्रातही पुन्हा तोच, कमरेत वाकलेला. नुसत्या भाटाला हे सुचतं?

माझे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर, खारीच्या केसांच्या ब्रशनं, दाढीतला एकेक केस मी त्यांच्या शेजारी बसून ओढलाय. चेहरा बघून काढलाय की मालकाच्या मर्जीनं, हे मला तुम्ही शिकवू नका.

माझी भाषा, लेखाची लांबी, फोटोंचा दर्जा वगैरे तुमच्या बाकीच्या तक्रारींत मी शिरत नाही. पुढच्या वेळी नाव लावून या, पहाडी चित्रकार नैनसुखवर भांडू. जसरोटा या पहाडी संस्थानाच्या बलवंतसिंहाला त्यानं दाढी कातरून घेतानासुद्धा रंगवलंय. तीही भाटगिरीच का?