यजमानांच्या घरांवर उभी असलेली लीग

आज ४ जुलै २०२०. एरवी या दिवशी संध्याकाळी आम्ही घडीच्या खुर्च्या मोटारीत टाकून अमेरिकेतल्या आमच्या फाल्मथ गावच्या गव्ह फुलर बेसबॉल मैदानाकडे निघालो असतो. यंदा मैदान रिकामे आहे आणि खुर्च्या तळघरातच आहेत. गेले दोन महिने गावात एकच वाद चालू आहे, की कोरोनाच्या साथीमुळे केप कॉड बेसबॉल लीगने यंदाचा हंगाम रद्द केला ते योग्य झाले की घाई झाली. गेली पाच वर्षे उन्हाळ्यात या लीगचा एकेक खेळाडू आमच्या घरी राहिला आहे. त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, आणि तसा आव आणणारही नाही.

भारतातल्या मित्रांसाठी थोडी माहिती देतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातून कोपरात वाकवलेल्या हातासारखा समुद्रात गेलेला भाग म्हणजे केप कॉड. इथल्या गावांचे १० संघ जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत आपसात खेळतात. गेल्या वर्षी साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला ४४ सामने होते आणि अखेरीस कोटुइट विजेते ठरले. खेळाडू देशभरातल्या महाविद्यालयांतून निवडून आणलेले असतात आणि त्यांना खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. महाविद्यालयीन बेसबॉल धातूच्या बॅटने खेळला जातो, पण इथे १९८५ पासून लाकडी बॅट सक्तीची आहे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडीच बॅट असल्याने कोणाचा फटका खरा आणि कोणाचा धातूच्या जोरावरचा, हे इथे उघडे पडते आणि म्हणून मोठ्या क्लबांचे निवडकर्ते वह्या घेऊन फलंदाजामागच्या जाळीआड बसलेले असतात. आज न्यूयॉर्क यांकीजकडून खेळणारा अॅरन जज २०१२ मध्ये ब्रूस्टरच्या संघात होता. मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक बेसबॉलमधल्या, साधारण सहा-सात खेळाडूंपैकी एक जण कधी ना कधी या मैदानांवर खेळून गेलेला आहे, असे असूनही सामन्याला तिकीट नाही. मधल्या डावात कोणीतरी डबा घेऊन फिरतो, त्यात ज्याला वाटेल तो वाटेल तेवढे टाकतो. मुंबईकरांनी कांगा लीग डोळ्यांसमोर आणावी. तिथे पाऊस आणि चिखल हा खेळाचाच भाग असतो, इथे चॅटमच्या मैदानावर समुद्रावरून धुके आले की बाहेरचा क्षेत्ररक्षक दिसेनासा होतो आणि सामना थांबवावा लागतो.

१२ मार्चला महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने वसंतातल्या सगळ्या स्पर्धा रद्द केल्या, तेव्हाच खरे तर आमच्या हंगामाच्या पायाखालची जमीन सरकली होती. तरीही त्यानंतरचे सहा आठवडे सगळे जण तारखांचा हिशोब करत राहिले. जूनऐवजी जुलैत सुरुवात करावी, सामने निम्मे करावेत, प्रेक्षकांना बंदी घालावी, असे रोज नवे प्रस्ताव कानावर येत. मीही त्यातला एक होतो. अखेर २४ एप्रिलला हंगाम रद्द झाल्याची घोषणा झाली. यापूर्वी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४० ते १९४५ ही सहा वर्षे लीग बंद होती. १९४६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, त्यानंतर बेसबॉलविना गेलेला हा पहिलाच उन्हाळा.

घाई झाली असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो मूर्खपणाचा नाही. ते म्हणतात की खेळाडू वीस-एकवीस वर्षांचे आहेत, त्यांना या रोगाचा धोका कमी, खेळ मोकळ्या हवेतला आणि त्यात माणसे एकमेकांपासून लांब उभी असतात. शिवाय नॉर्थवूड्स लीग खेळतेच आहे की! हे खरे आहे. मध्यपश्चिमेतल्या या उन्हाळी लीगने आपले वेळापत्रक मोडून जवळपासच्या संघांचे छोटे गट केले आणि जूनच्या मध्यात नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कमध्ये खेळ सुरूही केला. मग त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये, असा प्रश्न माझ्या शेजाऱ्याने मला कुंपणापलीकडून विचारला, तेव्हा मला तत्काळ उत्तर सुचले नाही.

आता सुचते आहे. नॉर्थवूड्स हा मालक असलेला, तिकीट विकून चालणारा व्यवसाय आहे, आणि त्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. न खेळल्यास तोटा कोणाचा आणि खेळून काही बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हे तिथे कागदावर ठरलेले असते. आमच्या लीगला मालक नाही. मेजर लीगकडून थोडे अनुदान येते, बाकी सारा डोलारा गावातल्या स्वयंसेवकांवर उभा आहे. खाद्यपदार्थांच्या खिडकीत उभ्या असणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. धावफलक चालवणारे गृहस्थ निवृत्त आहेत, मुलांना विमानतळावरून आणणारेही निवृत्त आहेत. केप कॉडच्या लोकवस्तीत पासष्टीपुढच्या माणसांचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे, आणि लीगला वेळ देऊ शकतात ती नेमकी हीच माणसे.

आणि राहण्याची व्यवस्था? प्रत्येक संघात सुमारे ३० मुले, म्हणजे सगळी मिळून ३०० च्या आसपास. त्यांच्यासाठी ना हॉटेल, ना वसतिगृह. ती आमच्या घरी राहतात. आमच्या फ्रिजमधले दूध पितात, आमच्याच न्हाणीघरात अर्धा तास शॉवर घेतात, परगावचा सामना संपवून रात्री अकराला परत येतात तेव्हा झाकून ठेवलेले ताट ओट्याशी उभे राहूनच संपवतात. व्यावसायिक बास्केटबॉलची एनबीए लीग सध्या आपले २२ संघ ऑर्लँडोच्या बंदिस्त परिसरात नेऊन ठेवण्याच्या तयारीत आहे. रोज तपासणी, स्वतंत्र खोल्या, बाहेर जाण्यास मनाई. ज्या लीगचे वसतिगृह म्हणजे ३०० लोकांची स्वयंपाकघरे आहेत, तिने असे कुंपण कोठून घालावे? ज्या आपलेपणामुळे ही लीग एरवी फुकट चालू शकते, त्याच आपलेपणामुळे साथीत ती चालवणे अशक्य झाले. मुलांना धोका कमी हे मान्य केले, तरी ती झोपणार कोणाच्या घरात, हा प्रश्न त्या युक्तिवादात येतच नाही.

माझ्यापुरते उत्तर मला फार लांब शोधावे लागले नाही. माझी आई ७९ वर्षांची आहे. नोव्हेंबरमध्ये ती दादरहून आमच्याकडे आली आणि एप्रिलमध्ये परत जाणार होती, म्हणजे जूनमध्ये येणाऱ्या खेळाडूसाठी मागची खोली वेळेत रिकामी झाली असती. २२ मार्चपासून भारतात जाणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली आणि आई त्या खोलीतच राहिली. आमच्या घरात न्हाणीघर एकच आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये या रोगाने आतापर्यंत आठ हजारांहून अधिक माणसे गेली आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त वृद्धाश्रमांतली आणि शुश्रूषागृहांतली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी लीगमधल्या परिचितांना कळवून टाकले की यंदा आम्हाला खेळाडू ठेवता येणार नाही. ते पत्र लिहिताना मला अपराधी वाटत होते. पुढे कळले की आमच्यासारखी पत्रे आणखीही काही घरांतून गेली होती, आणि जी घरे कळवत नव्हती ती संकोचामुळे गप्प होती. तो निर्णय दुसऱ्या कोणी घेतला, याचा मला सुटकेसारखा आनंद झाला, हे कबूल करतो.

यात मुलांचे नुकसान झालेले नाही असे नव्हे. ते मोठे आहे, आणि त्याची नीट चर्चा होत नाही याचा मला राग आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे राहिलेला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, टेक्सासच्या एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होता. यंदाचा वसंत आणि त्यानंतरचा केपचा उन्हाळा, या दोन हंगामांत तो कोणाच्या तरी वहीत पोहोचेल अशी त्याची अपेक्षा होती. मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, गेल्या वर्षापर्यंत ४० फेऱ्या होत. यंदा जूनमध्ये त्या फक्त ५ झाल्या आणि देशभरातून १६० खेळाडू निवडले गेले. राहिलेल्यांना करार करता येतो, पण सुरुवातीची रक्कम यंदा २० हजार डॉलरांच्या वर जाऊ शकत नाही. त्याने महाविद्यालयात परतायचे ठरवले. क्रीडा संघटनेने वसंतात खेळणाऱ्या खेळाडूंना पात्रतेचे एक वर्ष वाढवून दिले आहे, पण त्यामुळे पुढच्या वर्षी जुने आणि नवे खेळाडू एकाच संघात गर्दी करणार. वरच्या श्रेणीतल्या महाविद्यालयाच्या बेसबॉल संघाला २०२० च्या नियमांप्रमाणे मिळून ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. हा अपूर्णांक मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला विनोद वाटला होता. जास्तीत जास्त सत्तावीस जणांत तो वाटून घ्यायचा असे हे कळल्यावर हसू आले नाही. त्यातच गेल्या मंगळवारी, ३० जूनला, मायनर लीगचाही, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक संघांचाही, सगळा हंगाम रद्द झाला. म्हणजे ज्याने करार केला असता, त्यालाही यंदा खेळायला मैदान नसते.

आता गावात चर्चा सुरू झाली आहे ती पुढच्या उन्हाळ्याची. साथ तोपर्यंत सरेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे पर्याय मांडले जात आहेत: मुलांना घरांऐवजी एकत्र एखाद्या वसतिगृहात ठेवावे, त्याच्या खर्चासाठी मैदानाला कुंपण घालून तिकीट लावावे, मोठे प्रायोजक आणावेत. निधीची चिंता खोटी नाही. खाद्यपदार्थांची विक्री, सोडती आणि सकाळची मुलांची शिबिरे हे उत्पन्न यंदा बुडाले आहे. एका वर्षापुरती तात्पुरती सोय म्हणून यातले काही करावे लागले, तर मी स्वतः तिकीट काढून जाईन. परंतु एकदा लावलेले तिकीट पुन्हा निघत नाही, हे आपण कोणत्या टोलनाक्यावर शिकलेलो नाही? मुले घरांतून निघाली की यजमान निघतील, यजमान निघाले की खिडकीतल्या बाई निघतील, आणि मग उरेल ती बरीच चांगली पण दुसरीच लीग. युद्धाच्या काळात सहा वर्षे सलग थांबूनही ही लीग परत आली. त्या मानाने एक उन्हाळा हे काही आभाळ कोसळणे नाही. अजून एक उन्हाळा थांबावे लागले तरी थांबावे, पण हंगाम वाचवण्यासाठी लीग विकू नये, असे माझे मत आहे. या मतामुळे शेजारी माझ्याशी हल्ली जरा तोलूनमापून बोलतात.

परवा त्या पिचरने व्हिडिओवर फोन केला होता. त्याला आपली खोली पाहायची होती. भिंतीवर त्याने चिकटवलेले वेळापत्रक अजून तसेच आहे आणि त्याच्या सहा फूट चार इंचांच्या उंचीसाठी मुद्दाम घेतलेल्या लांब खाटेच्या एका कोपऱ्यात आई जपमाळ घेऊन बसली होती. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिले. आईने त्याला मराठीतूनच सांगितले की बाळा, विमाने सुरू झाली की मी तुझी खोली रिकामी करते. मी त्याला त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा तो म्हणाला, त्यांना घाई करू नका, मला सोफाही चालतो.