१०४ सामने आणि सकाळची लोकल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जून-जुलै २०२६ मधल्या फुटबॉल विश्वचषक, क्रिकेट आणि इतर स्पर्धांच्या वेळापत्रकाचा तक्ता देणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमच्या चार हरकती आहेत. तक्त्यातल्या तारखा चुकल्यात. सकाळची लोकल पकडणाऱ्या ठाणेकराला हे जागरण परवडत नाही, हायलाइट्स पाहिले की भागतं. भारत फुटबॉलच्या विश्वचषकात नसताना परक्यांसाठी जीव का टाकायचा? आणि चौथी, घोडबंदर रोडला पावसात ना डिश चालत, ना वीज टिकत, वर मध्यरात्री सोसायटीत आरडाओरडा.

तारखांची हरकत पूर्ण मान्य. तक्ता दुरुस्त केला आहे. चूक नेमकी कशी झाली ते सांगतो, कारण गजर लावताना बहुतेक जण हीच चूक करतात. फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका, मेक्सिको सिटीत, ११ जूनला दुपारी १ वाजता. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे १२.३० झालेले असतात आणि तारीख १२ जून असते. मूळ तक्त्यात ती ११ राहिली होती. 'शुक्रवारी रात्री साडेबारा' असं मनात धरून बसणाऱ्याला शुक्रवारी रात्री कळतं की सामना कालच होऊन गेला. म्हणून गुरुवारी जेवून झोपायचं आणि गजर शुक्रवार, १२ तारखेचा लावायचा. अंतिम सामना न्यू जर्सीत रविवारी, १९ जुलैला. आपल्यासाठी तो सोमवार २० जुलै, रात्री १२.३०.

यंदा तीन देशांत मिळून सोळा शहरं आहेत, त्यामुळे तासांचा हिशेबही एकच नाही. न्यूयॉर्क, बोस्टन, अटलांटा, मायामी, टोरंटो इथल्या वेळेत साडेनऊ तास मिळवा. डॅलस, ह्यूस्टन, कॅन्सस सिटीला साडेदहा. लॉस एंजेलिस, सिएटल, व्हँकुव्हरला साडेबारा. घोळ होतो मेक्सिकोचा. नकाशावर तो देश डॅलसच्या खालीच दिसतो, पण २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं बंद केलं. त्यामुळे मेक्सिको सिटी, ग्वादालाहारा, मॉन्तेरे यांना साडेदहा नाही, साडेअकरा तास मिळवायचे. इंग्लंडमध्ये घड्याळ पुढे केलेलं असतं, म्हणून तिथे साडेपाचऐवजी साडेचार तास. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर दुपारी दीडला सुरू होणारा खेळ आपल्याकडे संध्याकाळी सहाला.

आता जागरणाचं. १०४ सामने पाहा असं कुणालाही सांगणार नाही. ते शक्य नाही आणि त्यात शहाणपणही नाही. ४८ संघ, चार-चारचे १२ गट, म्हणजे ७२ गटसामने आणि ३२ बाद फेरीचे. अमेरिकेतल्या वेळांचा आपल्याला एक मोठा फायदा आहे, जो मूळ लेखात नीट मांडायला हवा होता : काही सामने आपल्या रात्री ९.३० आणि १०.३० ला सुरू होतात, काही पहाटे ६.३० ला. १५ जूनचा स्पेन विरुद्ध केप व्हर्दे रात्री ९.३० चा आहे, साडेअकराला संपेल. अमेरिका विरुद्ध पॅराग्वे शनिवार १३ जूनला सकाळी ६.३० ला, म्हणजे पहिल्या चहाबरोबर. ३.३० चे सामने मात्र सरळ सोडा. आधी झोपावं तर झोप अर्धवट, नंतर झोपावं तर उजाडलेलं. त्या वेळेला कोणताही संघ असला तरी नोकरदाराने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१२.३० चा सामना जमवता येतो, पण त्याला शिस्त लागते. दोन्ही सत्रांत तीन-तीन मिनिटांची पाण्याची विश्रांती आहे, मधली १५ मिनिटं, भरपाईचा वेळ, हे सगळं धरून सामना अडीचच्या आसपास संपतो. बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टी आल्या तर सव्वातीन. म्हणून ८.४५ ला झोपून १२.१५ ला उठायचं, आणि पावणेतीन ते साडेसहा पुन्हा झोपायचं. फसतं कुठे, तर पहिल्या भागात. 'आता काय झोपायचं' म्हणत साडेबारापर्यंत मालिका पाहिली की दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून आलेल्या गर्दीत उभं राहून डोळे मिटतात. सामना चालू असताना चहा-कॉफी नको, नाहीतर पावणेतीनला झोप येत नाही. आणि आठवड्यात अशा दोनच रात्री. त्याहून जास्त रात्री हे गणित चालत नाही, शरीर हिशेब लावतंच.

हायलाइट्सबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. साध्या गटसामन्याला हायलाइट्स पुरतात, मान्य. पण तिथल्या २४ ते २७ जूनदरम्यानच्या (आपल्या २५ ते २८) शेवटच्या गटसामन्यांत जे घडतं ते हायलाइट्समध्ये मावत नाही, कारण ते एका मैदानावर घडतच नाही.

१९८२ च्या विश्वचषकात २५ जूनला स्पेनमधल्या हिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. त्या गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच झाला होता. जर्मनी एक-दोन गोलनी जिंकली तर ती आणि ऑस्ट्रिया दोघंही पुढे, अल्जीरिया बाहेर, हे दोन्ही संघांना मैदानात उतरण्याआधीच माहीत होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला सामना दोघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत संपवला. १-०. तेव्हापासूनचा धडा असा की १९८६ पासून गटाचे शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात. एका मैदानावर गोल पडला की दुसऱ्या मैदानावरच्या संघाचं नशीब त्याच मिनिटाला पालटतं. प्रशिक्षक राखीव खेळाडूंकडे वळतो, बचावपटू पुढे धावायला लागतात. ही घालमेल थेटच पाहायची असते.

यंदा त्यात आणखी एक पेच आहे. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जातातच, शिवाय १२ तिसऱ्या क्रमांकांपैकी सर्वोत्तम ८ जातात. आधी गुण, मग गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल), मग केलेले गोल. अ, ब आणि क गट तिथल्या २४ जूनला संपतील, शेवटचे तीन २७ जूनला. म्हणजे सुरुवातीच्या गटात तिसरा आलेला संघ तीन दिवस दुसऱ्यांचे निकाल मोजत बसणार, आणि शेवटच्या गटांना नेमकं किती हवं ते आधीच कळलेलं असणार. १९८२ नंतर जी फट बुजवली ती या नियमाने पुन्हा थोडी उघडते, हे मला खटकतं. पण पाहणाऱ्यासाठी ते तीन दिवस सोन्याचे आहेत.

काय होऊ शकतं ते २०२४ च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत, दिसलं. तिथे सहा तिसऱ्यांपैकी चार पुढे जात, प्रमाण अगदी यंदाचंच. हंगेरीने २३ जूनला स्कॉटलंडविरुद्ध भरपाईच्या दहाव्या मिनिटाला गोल केला, तीन गुण मिळवले आणि वाट पाहत बसली. २६ जूनला पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत उतरलेल्या जॉर्जियाने पोर्तुगालला २-० हरवलं आणि हंगेरी बाहेर गेली. जॉर्जिया जिंकली नसती तर हंगेरी पुढे होती. त्याच स्पर्धेत रोमेनिया, बेल्जियम, स्लोव्हाकिया, युक्रेन या चौघांचे चार-चार गुण झाले आणि युक्रेन शेवटचा ठरला. आणि २०१६ मध्ये पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसऱ्या क्रमांकावरून पुढे सरकला आणि युरो जिंकला. तेव्हा तिसरा क्रमांक म्हणजे हरलेला, असं यंदा समजू नका.

हे घरी करायला एक पानभर वहीचा कागद पुरतो. बारा ओळी, तीन रकाने : गुण, गोलफरक, केलेले गोल. टीव्हीवर एक सामना, मोबाइलवर दुसऱ्याचा गुणफलक, आणि प्रत्येक गोलला पेन्सिलने ओळ बदलायची. चार गुण असतील तर संघ जवळपास सुरक्षित. तीन असतील तर गोलफरक पाहायचा. हंगेरीसारखा उणे तीन असेल तर संघ तिच्याच वाटेने जाण्याची शक्यता जास्त.

'परक्यांसाठी कशाला' हा प्रश्न. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तोच संघ आता १२ जूनपासून इंग्लंडमध्ये टी-२० विश्वचषक खेळतो आहे : १४ जूनला एजबॅस्टनला पाकिस्तानशी, २८ जूनला लॉर्ड्सला ऑस्ट्रेलियाशी, अंतिम सामना ५ जुलैला लॉर्ड्सवरच. तेव्हा आपलं कुणी नाही असं नाही. फुटबॉलचंही सांगतो. याच नेरूळला २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. त्या अंतिम सामन्यात भारत नव्हता. चांगला खेळ पाहायला आपलाच झेंडा लागतो असं मला वाटत नाही. कॅरिबियनमधल्या क्युरसाओ बेटाची लोकसंख्या दीड लाखाच्या घरात. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे महापालिकेची १८ लाखांवर होती. एवढासा देश जर्मनीविरुद्ध विश्वचषकात उतरतो, याचं कौतुक वाटायला आणखी कोणतं नातं हवं?

आणि योग असा की ते दोन्ही सामने एकाच संध्याकाळी आहेत. रविवार १४ जून : भारत-पाकिस्तान संध्याकाळी ७ ला, सव्वादहापर्यंत संपेल. जर्मनी-क्युरसाओ १०.३० ला. मध्ये जेवण उरकायला पंधरा मिनिटं. नेदरलँड्स-जपान १.३० ला आहे, तो सोडा, दुसऱ्या दिवशी सोमवार आहे.

आपल्या खेळाडूंसाठी पाहायची तर वेळापत्रकातली राष्ट्रकुल स्पर्धाही आहे : २३ जुलै ते २ ऑगस्ट, यंदा फक्त दहा खेळ. हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, नेमबाजी नाहीत, त्यामुळे आपल्या पदकांची आशा वेटलिफ्टिंग, बॉक्सिंग आणि ॲथलेटिक्सवर.

पावसाची हरकत सर्वांत खरी. मुंबई परिसरात मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि विश्वचषकही त्याच सुमारास सुरू. डिशवर येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. मोठे थेंब त्या शोषतात, विखुरतात. चित्र चौकोनी तुकडे होऊन गोठतं ते यामुळे. सर जोरात असेल तेवढीच मिनिटं हे चालतं, त्यात डिश हलवायला गच्चीवर जाऊ नका. दिशा बिघडते आणि पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही. जूनच्या आधी कोरड्या दिवशी तीन कामं करा. सेट टॉप बॉक्सच्या मेनूमधला सिग्नल क्वालिटीचा आकडा लिहून ठेवा. स्ट्रेंथपेक्षा तोच महत्त्वाचा. पुढे कोरड्या हवेतही तो खाली आला तर दोष डिशचा किंवा केबलचा, पावसाचा नाही. खांबाचे नट घट्ट करा. आणि केबलच्या टोकाला रबरी टेप गुंडाळून तिथे केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता झोलातून गळतं. पावसाळ्यातल्या कित्येक तक्रारींचं मूळ गंजलेला कनेक्टर असतो.

विजेचा हिशेब : १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हाती लागतात साधारण ११००. ४३ इंची टीव्ही, पंखा, राउटर मिळून १९० वॉटच्या आसपास, म्हणजे पाच तास सहज. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर निम्मे धरा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस घ्या, पण आधी ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट आहे की १२ ते वाचा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन आउटपुट लागतील. मोबाइलवर ४८० पी दर्जाने पाहिलं तर तासाला साधारण पाऊण जीबी जातो, त्यामुळे रोजच्या दीड जीबीत एक सामना बसतो. ७२० पी केलंत तर मध्यंतरानंतर थोड्याच वेळात पॅक संपेल.

सोसायटीतल्या आवाजाबाबत तुमची बाजू मला पटते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणून एकत्र पाहायचं तर १४ जूनचा क्रिकेट सामना पाहा, क्लब हाउसच्या बंद खोलीत, टीव्हीच्याच स्पीकरवर. साडेबाराचे सामने ज्याने त्याने घरी, हेडफोन लावून. एका मजल्यावरून ओरड आधी आणि दुसऱ्यावरून नंतर येते, त्याचं कारण इंटरनेटवरचं प्रक्षेपण डिशपेक्षा बरेचदा वीस-चाळीस सेकंद मागे असतं : चित्राचे छोटे तुकडे करून पाठवतात आणि ॲप दोन-तीन तुकडे साठवल्याशिवाय दाखवायला लागत नाही. शेजारी डिशवाला असेल आणि तुम्ही मोबाइलवाले, तर पेनल्टीचा निकाल तुम्हाला भिंतीतूनच कळतो. त्यावर उपाय हेडफोन, आणि स्कोअरच्या ॲपच्या सूचना बंद ठेवणं.

दुरुस्त तक्त्यात आता प्रत्येक सामन्यासमोर भारतातली तारीख आणि वार लिहिला आहे. ३.३० चे सामने करड्या रंगात आहेत, २५ ते २८ जूनच्या ओळी ठळक. आणखी कुठे तारीख चुकलेली दिसली तर जरूर कळवा. २० जुलैच्या रजेचा अर्ज मात्र आत्ताच द्या, त्या सोमवारी सगळेच मागतील.