वीसपैकी सात

मागच्या वर्षी लेकीची शाळेची बॅग धुवायला काढली तेव्हा तळाशी चार घड्या घातलेला एक कागद सापडला. गणिताची चाचणी, २० पैकी ७. तारीख बघितली तर तीन आठवड्यांपूर्वीची. खरं सांगते, सात मार्कांपेक्षा मला ते तीन आठवडे जास्त लागले. पाचवीपर्यंत जी पोरगी चपला काढायच्या आधी पेपर हातात द्यायची तिने हा कागद तीन आठवडे पाठीवर वागवला आणि घरात कुणाला पत्ता नाही.

त्या रात्री डोक्यात काय काय आलं ते सगळं इथे लिहिते कारण बऱ्याच आईबाबांच्या डोक्यात तेच येत असणार. शिकवतच नसतील नीट, पेपरच अवघड काढला असेल, उद्या जाऊन भेटते, क्लास लावून टाकू. तिचे बाबा फक्त एवढंच म्हणाले, "तिने का लपवला, ते आधी बघूया." आणि मग मला झोपच आली नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. आम्ही तिला पहिलीपासून "आमची हुशार बाई" म्हणत आलोय. कौतुकानेच म्हणायचो. आता हुशार बाईला वीसपैकी सात पडले तर तिने तो कागद दाखवायचा तरी कसा?

नंतर वाचताना कळलं की यावर नीट अभ्यास झालेला आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. मुलांना आधी सोपी कोडी दिली, मग काहींना म्हटलं "तू हुशार आहेस" आणि काहींना म्हटलं "तू मेहनत घेतलीस". त्यानंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळीच आपटली. पण पुन्हा सोपी दिली तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांचं आधीपेक्षाही खराब गेलं आणि मेहनत म्हटलेल्यांचं सुधारलं. आणि पुढची गोष्ट वाचून तर मी फोन बाजूलाच ठेवला. आपले मार्क दुसऱ्या मुलांना लिहून कळवायला सांगितलं तेव्हा हुशार म्हटलेल्यांमधल्या बऱ्याच जास्त मुलांनी ते वाढवून लिहिले. म्हणजे लपवालपवी. माझ्या घरातली चार घड्यांची लपवालपवी.

आता सहावी ते आठवीत नेमकं काय होतं ते बघा. एका वर्गशिक्षिकेच्या पदराखालून पोर निघतं आणि सात-आठ वेगवेगळ्या सर-मॅडमच्या हाताखाली जातं, प्रत्येकाची वही वेगळी, शिस्त वेगळी, होमवर्कची तारीख वेगळी. त्याच वेळी शरीर बदलतंय. मुलींचं वयात येणं साधारण ८ ते १३ मध्ये सुरू होतं आणि मुलांचं ९ ते १४ मध्ये, म्हणजे एकाच बाकावर एकाची पॅंट दर तीन महिन्यांनी आखूड होतेय आणि दुसरा अजून बारकासाच, आणि दोघांनाही वाटतं आपल्यातच काहीतरी बिघडलंय. झोपेचं घड्याळसुद्धा याच वयात तासदोन तास पुढे सरकतं, त्यामुळे रात्री डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. याला आपण सरळ आळस म्हणून मोकळे होतो, मीही म्हणत होते. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, किती घरांत मिळते ते ज्याने त्याने बघावं.

आणि अभ्यास? तोही याच वेळेला रूप बदलतो. पाचवीपर्यंत पाच आंबे अधिक तीन आंबे, सगळं डोळ्यासमोर दिसणारं. सहावी-सातवीत एकदम एक्स येतो. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे म्हणायचे की साधारण ११-१२ व्या वर्षापासून मुलांना न दिसणाऱ्या गोष्टींवर विचार करता यायला लागतो. यायला लागतो हां, आलेला नसतो! आणि कपाळामागचा मेंदूचा भाग, जो "थांब, पुन्हा बघ, आधी ठरव" असं सांगतो, तो तर पंचविशीपर्यंत तयार होत असतो. म्हणून या वयातली धडपड मला वाया गेलेली वाटत नाही. जे नवं सामान घरात येतंय ते वापरायची सवय याच वेळी लागणार ना. सगळं सोपंच मिळालं तर ते वापरायची वेळच येत नाही, माझ्या लेकीची पाचवीपर्यंत आलीच नव्हती.

आता ते गणित सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. उदाहरण होतं तीन वजा कंसात एक्स वजा पाच, कंस सोडवा. तिने लिहिलं होतं तीन वजा एक्स वजा पाच आणि उत्तर काढलं वजा एक्स वजा दोन. अशी सहा गणितं, सगळ्यांत तीच चूक. माझ्या जिभेवर आलेलं की अगं कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलतात. ते मी गिळलं. फार कठीण गेलं मला ते, खरंच. मी म्हटलं, "एक्सच्या जागी पाच टाकून बघ." तिने टाकले. कंसात पाच वजा पाच शून्य, तीन वजा शून्य तीन. मग आपल्या उत्तरात पाच टाकले तर वजा सात. तिने खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा वजा सात. पुन्हा खोडलं, इतकं की कागद भोकाला आला. डोळे भरलेले. मी नुसती शेजारी बसून भाजी निवडत होते आणि आतून पीळ पडत होता. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मग ती हळूच म्हणाली, "आई, पाच पण वजा करायचे नव्हते, मी ते जास्तीचे काढून घेतले. परत द्यायला हवेत." परत द्यायला हवेत! चिन्ह बदलण्याचा नियम यापेक्षा चांगला मला कुणी सांगितला नव्हता, मी स्वतः तो पाठ करून पास झालेली आहे. आठ वजा एक्स. पाच टाकून बघितले, तीन आले. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

त्या दिवसापासून तिने एक वही केली, चुकांची. मी सांगितली नव्हती. चूक लिहायची, का झाली ते एका ओळीत लिहायचं. आणि अभ्यासाची पद्धत बदलली, ती जरा भांडून बदलली. आधी धडा चार वेळा वाचायची, हायलायटरने सगळं पान पिवळं करायची आणि वाटायचं झालं पाठ. आता पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं आणि मग उघडून तपासायचं. सुरुवातीला रडली कारण आठवतच नाही. पण हे असंच असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते आणि आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवणारे पुढे. म्हणजे जे करताना जड जातं तेच टिकतं.

पुढच्या चाचणीत तिला २० पैकी १२ मिळाले. पहिली-दुसरी नाही आली. पेपर मात्र त्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर होता.

मैत्रिणींचं मात्र यापेक्षा अवघड गेलं आणि त्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. चौघींचा ग्रुप होता, सातवीत तिघींचा झाला. डबा खाताना कुणाशेजारी बसायचं हा प्रश्न रोज सकाळी घरातून निघतानाच तिच्या तोंडावर दिसायचा. एका मैत्रिणीच्या आईला फोन लावायला मी नंबर काढला होता. लेकच म्हणाली नको. काही दिवस एकटीच बसली, मग वर्गात नवीन आलेल्या एका मुलीशेजारी बसायला लागली कारण तीही एकटीच बसत होती. एकटं बसलेलं माणूस दिसायला लागणं, हे तिला आधी येत नव्हतं.

पण एक गोष्ट मी अगदी ठासून सांगते. कुणी रोज चिडवतंय, मारतंय, पैसे काढून घेतंय, वर्गात उभं करून अपमान करतंय, तर त्याला चॅलेंज म्हणू नका. "घे सोसून, घट्ट होशील" हे वाक्य मुलांना बोलायचं नाही. तिथे मोठ्यांनी मध्ये पडायचं, लगेच पडायचं. आणि घरात कुणाचं आजारपण, भांडणं, पैशांची ओढाताण असेल तर त्या पोराला आणखी कसोट्या कशाला हव्यात. चॅलेंज मी त्यालाच म्हणेन जे आज एकट्याने जमत नाही पण शेजारी कुणी बसलं तर जमतं. व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात हेच मांडलं होतं. शेजारी बसायचं आणि पेन मुलाच्याच हातात ठेवायचं.

आणि "प्रयत्न करा, जमेल" असं पोस्टर भिंतीवर लावून काही होत नाही. अमेरिकेत नववीच्या हजारो मुलांवर या विचाराचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०१९ साली आला, त्यात मार्कांवरचा परिणाम छोटासाच निघाला आणि तोही कमी मार्कांच्या मुलांमध्ये, आणि जिथे सोबतची मुलंही अवघड घ्यायला तयार होती त्या शाळांमध्ये जास्त. मला हे पटतं. वर्गात चुकलेलं उत्तर दिलं की हशा पिकत असेल तर कुठलं पोर हात वर करेल?

परवा तिला विज्ञानाचं सेमिनार मिळालंय, वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचंय. तिचा घसा सुकतो बोलताना, लहानपणापासून. काल तिने कागद पुढे केला आणि म्हणाली लिहून दे ना. मी म्हटलं तू लिही, मी बसते. आत्ता ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून चौथ्यांदा पहिलं वाक्य म्हणतेय आणि दर वेळी त्याच शब्दावर अडकतेय, आणि मी बाहेर बसून हे टाइप करतेय म्हणजे मी आत जाणार नाही.