बाजूच्याच टेबलावर मेसेज

आमच्या सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात अकाउंट्स आणि डिस्पॅचची टेबलं शेजारीशेजारी. तरी "गाडी लागली का?" हे ग्रुपवर विचारतात आणि उत्तरादाखल अंगठा येतो. काचेपलीकडे शेडमध्ये लूमचा खडखडाट, कान काम देत नाहीत. तिथं माणसं हातवाऱ्यांनी, भुवयांनी बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, सगळं लांबूनच कळतं. आणि शांत ऑफिसात आम्ही माना खाली घालून टाईप करतोय.

मेसेजशी माझं भांडण नाही. साईझ, रंग, जीएसएम (कापडाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन), माल पाठवायचं ई-वे बिल, हे लेखीच हवं. तोंडी ऑर्डरीपायी काय काय चुकीचं विणलं जातं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणालाही विचारा. पण माणसाला झापणं, रजा नाकारणं हेही ग्रुपवरच?

मध्यंतरी शेठनी रात्री टाकलं, "वजन परत बघा." बस्स. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, विचारलं होतं, एवढंच कारण. लूमची देखभाल बघणाऱ्या जॉबर काकांनी अर्थ लावला की आपल्यावर संशय आहे. त्यांचं उत्तर, "बघितलंय." ते शेठना उद्धट वाटलं. काका घरात तेलुगू, बाहेर मराठी, सुताच्या व्यापाऱ्याशी हिंदी बोलतात, तिन्हीत पटाईत. मराठी टाईप करायचं म्हटलं की मात्र एका शब्दात आटपतात. त्या एका शब्दावरून दोघांत आठवडाभर अबोला.

जस्टिन क्रुगर, निकोलस एपली वगैरे अमेरिकन संशोधकांनी २००५ मध्ये यावरचे प्रयोग छापले होते. आपण टोमणा मारतोय की खरं बोलतोय, हे ७८ टक्के वेळा समोरच्याला कळेल असं ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा. नाणं उडवून ठरवलं तरी ५० येतात! वर आपली सोलापुरी बोली, निम्मा अर्थ सुरात. "का बे" मायेनं म्हटलंय की बाह्या सरसावून, हे स्क्रीनवर कसं कळणार?

यात मार खातो तो लिहिता न येणारा. ज्याला चार ओळी नीट जुळवता येतात तो समंजस ठरतो, काम कुणाचंही चांगलं असो. हे मला पटत नाही.

म्हणून मी शेठना सुचवलंय, आकडे ग्रुपवर टाका, तक्रार असेल तर माणसाला बोलवा, नाहीतर निदान फोन करा. "बघू" म्हणाले. समोर बसवून म्हणाले, हे त्यातल्या त्यात बरं.